युद्धगुन्ह्याचा आरोप आदेश देणाऱ्यापर्यंत कसा न्यावा

उद्ध्वस्त रुग्णालय, जाळलेले गाव किंवा सामूहिक दफनभूमी डोळ्यांना दिसते आणि कॅमेऱ्यात मावते. तिथून शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या अधिकाऱ्याचा तिच्याशी असलेला संबंध मात्र कोणत्याही छायाचित्रात येत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी खटले बहुतेक वेळा याच ठिकाणी अडतात. अत्याचार झाला हे सिद्ध होते, पण तो आरोपीच्या पदरात घालता येत नाही. ज्यांच्या हाती एखाद्या घटनेची माहिती आली आहे अशा पत्रकारांनी, कार्यकर्त्यांनी, वकिलांनी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ती न्यायालयाच्या उपयोगी पडेल अशा रीतीने कशी हाताळावी, हे पुढे सांगितले आहे.

जबाबदारी व्यक्तीची असते, हे तत्त्व १९४६ मध्ये नाझी नेत्यांवरील न्यूरेम्बर्ग खटल्याच्या निकालाने पक्के केले. आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्धचे गुन्हे माणसे करतात, अमूर्त संस्था करीत नाहीत, असे त्या न्यायाधिकरणाने नोंदवले. त्या खटल्यातील २२ आरोपींपैकी १२ जणांना मृत्युदंड झाला, हे बहुतेकांना ठाऊक असते; तिघे निर्दोष सुटले, हे सहसा सांगितले जात नाही. पराभूत राजवटीच्या बड्या पदावर असणे एवढ्याने दोष सिद्ध होत नाही, हे त्या तीन सुटकांनी पहिल्याच खटल्यात दाखवून दिले.

गुन्ह्याचे नाव ठरवण्यापूर्वी

पहिली पायरी म्हणजे घटनेच्या वेळी सशस्त्र संघर्ष चालू होता का, हे पाहणे. त्यासाठी युद्धाची घोषणा झालेली असावी लागत नाही. दोन राज्यांनी एकमेकांविरुद्ध शस्त्रबळ वापरले की आंतरराष्ट्रीय संघर्ष सुरू होतो. देशांतर्गत संघर्षासाठी मात्र हिंसेची तीव्रता आणि सशस्त्र गटाचे संघटन या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. ही कसोटी माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने १९९५ मध्ये तादिच खटल्यात मांडली आणि अंतर्गत संघर्षातही युद्धगुन्हे घडू शकतात, हे त्याच निर्णयाने प्रस्थापित केले. त्यामुळे टिपणांत केवळ मुख्य घटना न लिहिता त्या काळातील चकमकींच्या तारखा, वापरलेली शस्त्रे, सशस्त्र गटाची अधिकाररचना आणि त्याच्या ताब्यातील प्रदेश यांचीही नोंद ठेवावी. ही माहिती घटनेच्या वेळी सर्वांना इतकी उघड वाटते की ती कोणी लिहून ठेवत नाही, आणि दहा वर्षांनी न्यायालयात तीच पहिल्यांदा मागितली जाते.

दुसरा प्रश्न संबंधाचा आहे. युद्धकाळात घडलेला प्रत्येक खून युद्धगुन्हा नसतो. शेजाऱ्याने जुन्या भांडणातून केलेल्या खुनाचा संघर्षाशी जोडलेला बादरायण संबंध टिकत नाही. कृत्य करणाऱ्याची क्षमता, निर्णय, पद्धत किंवा हेतू यांत संघर्षाचा ठोस वाटा असावा लागतो. तिसरा प्रश्न, बळी पडलेली व्यक्ती किंवा वस्तू संरक्षित होती का, अथवा वापरलेली पद्धतच निषिद्ध होती का, हा आहे. नागरिक, जखमी, शरण आलेले सैनिक, युद्धकैदी, वैद्यकीय पथके आणि सांस्कृतिक वास्तू यांना संरक्षण आहे. ओलीस ठेवणे, लूटमार करणे, नागरिकांना उपाशी ठेवणे, १५ वर्षांखालील मुलांना सैन्यात भरती करणे आणि कोणालाही जिवंत सोडू नये असे फर्मान काढणे हे स्वतंत्र गुन्हे आहेत. १९४९ चे चार जिनिव्हा करार, १९७७ चे त्यांचे अतिरिक्त प्रोटोकॉल (पूरक करार) आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची स्थापना करणाऱ्या रोम संविधीचे आठवे कलम समोर ठेवून घटनेतील प्रत्येक कृत्य वेगवेगळे तपासावे.

मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याला युद्धाची गरज नसते, पण नागरी लोकसंख्येवरचा व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला दाखवावा लागतो. वंशसंहारासाठी एखादा राष्ट्रीय, वांशिक, वंशीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा विशिष्ट हेतू लागतो. माहिती गोळा करणाऱ्याने यांपैकी कोणताही शिक्का आपल्या नोंदींवर मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘वंशसंहार’ हा शब्द वापरल्याने घटना अधिक गंभीर ठरत नाही. साक्षीदाराच्या तोंडी तो घातला गेला, तर बचाव पक्षाला साक्ष शिकवलेली असल्याचे म्हणायला जागा मात्र मिळते.

स्फोटाच्या खुणा किती बोलतात

सर्वाधिक घाईचे निष्कर्ष हवाई हल्ले आणि तोफमारा यांबाबत काढले जातात. नागरिक मेले म्हणजे युद्धगुन्हा झाला, असे कायदा मानत नाही. त्याचबरोबर ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ हा बचावही तो सरसकट स्वीकारत नाही. नागरिकांना किंवा नागरी वस्तूंना जाणूनबुजून लक्ष्य करणे हा गुन्हा आहे. लक्ष्य लष्करी असले, तरी अपेक्षित नागरी हानी ही अपेक्षित ठोस आणि थेट लष्करी लाभाच्या मानाने उघडपणे अवाजवी ठरणार आहे, हे माहीत असूनही हल्ला करणे हाही गुन्हा आहे. येथे मोजमाप होते ते निर्णयाच्या क्षणी उपलब्ध असलेल्या माहितीचे, नंतर दिसलेल्या परिणामाचे नव्हे. रुग्णालयाचा वापर शत्रूला घातक अशा कृत्यांसाठी झाला, तर त्याचे विशेष संरक्षण जाऊ शकते, मात्र त्यापूर्वी इशारा देऊन वाजवी मुदत द्यावी लागते. आणि तरीही आतल्या रुग्णांना असलेले संरक्षण संपत नाही.

युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणापुढे चाललेल्या, क्रोएशियाचा सेनानी गोतोविना याच्यावरील खटल्यात परिणामावरून असा निष्कर्ष काढणे फार महागात पडले. ऑगस्ट १९९५ मधील कनिन शहरावरच्या तोफमाऱ्याबाबत, लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरपेक्षा दूर पडलेले गोळे बेकायदा हल्ल्याचे निदर्शक आहेत, असे गृहीत धरून कनिष्ठ खंडपीठाने २०११ मध्ये या सेनानीला २४ वर्षांची शिक्षा दिली. त्या २०० मीटरांना पुराव्याचा आधार नाही, असे म्हणून अपील खंडपीठाने नोव्हेंबर २०१२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी त्याची निर्दोष मुक्तता केली. निकालाशी कोणी सहमत असो वा नसो, त्यातून घेण्याचा धडा व्यावहारिक आहे. खड्ड्यांची मोजमापे घेताना आसपास कोणती लष्करी ठिकाणे होती, तेथे त्या दिवशी कोण होते, फिरते लक्ष्य असण्याची शक्यता होती का, हल्ल्याआधी टेहळणीचे ड्रोन दिसले होते का आणि त्याच जागेवर पुन्हा मारा झाला का, हेही नोंदवावे. आरोपाच्या विरोधात जाणारी माहिती वगळू नये. रोम संविधीच्या ५४ व्या कलमानुसार अभियोक्त्याला दोषाच्या आणि निर्दोषत्वाच्या दोन्ही बाजू सारख्याच कसोशीने तपासाव्या लागतात. एकांगी संग्रहाची विश्वासार्हता तेथेच संपते.

पुरावा बिघडवू नये

ऑगस्ट २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातील सेनाधिकारी महमूद अल-वेरफल्ली याच्यावर ३३ जणांच्या हत्येच्या आरोपावरून अटक वॉरंट काढले, तेव्हा त्याचा मोठा आधार समाजमाध्यमांवर आलेल्या चित्रफिती हाच होता. आरोपीवर खटला मात्र कधीच चालला नाही, कारण तो २०२१ मध्ये मारला गेला. तरी मोबाइलवरच्या चित्रफितीचे कायद्यातील स्थान या वॉरंटमुळे बदलले. त्याच २०१७ साली सीरियातील संघर्षाच्या हजारो चित्रफिती यूट्यूबच्या स्वयंचलित गाळणीने हिंसक मजकूर म्हणून हटवल्या. म्हणून दुवा जपून ठेवणे पुरेसे नाही. मूळ फाइल उतरवून घ्यावी, पानाचा पत्ता, खात्याचे नाव, उतरवल्याची तारीख आणि वेळ लिहावी, फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून गणिताने निघणारी खूण; फाइल जराही बदलली की तीही बदलते) काढून ठेवावे, मूळ प्रत कधीही न उघडता बाजूला ठेवावी आणि काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावे. संदेशवहनाच्या ॲपमधून पाठवलेल्या चित्रफितीतील मेटाडेटा, म्हणजे चित्रणाची वेळ, ठिकाण आणि यंत्र यांची फाइलमध्येच असलेली माहिती, बहुधा गळून पडतो; त्यामुळे चित्रण करणाऱ्याकडून शक्यतो त्याच्या यंत्रातील मूळ फाइल घ्यावी. संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क कार्यालय आणि बर्कले येथील मानवी हक्क केंद्र यांनी २०२० मध्ये आणलेला बर्कले प्रोटोकॉल या कामाची आज सर्वमान्य पद्धत आहे.

वस्तूंच्या बाबतीत संयम अधिक लागतो. बाँबचा तुकडा उचलून घरी आणणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी तो तुकडा कुठे, कसा पडला होता हे त्यानंतर कोणी सांगू शकत नाही, आणि न फुटलेल्या दारूगोळ्याचा धोका वेगळाच. मोजपट्टी शेजारी ठेवून, जवळून व लांबून, ठळक खुणांसह छायाचित्रे घ्यावीत आणि वस्तू जागीच सोडावी. ती हलवणे अगदी अटळ असेल, तर कोणी, केव्हा, कोणाकडून घेतली आणि कोठे ठेवली याची अखंड साखळी लिहून ठेवावी.

माणसांच्या बाबतीत तर हात आवरता घेणे हाच बहुतेक वेळा योग्य मार्ग असतो. एकाच पीडितेने पाच संस्थांना पाच वेळा आपली हकीकत सांगितली, की पाच निवेदनांत किरकोळ फरक पडतात. ते फरक उलटतपासणीत तिच्याच विरुद्ध वापरले जातात आणि प्रत्येक वेळी तिच्या जखमेची खपली निघते ती वेगळी. अप्रशिक्षित व्यक्तीने सविस्तर जबाब घेऊ नये, विशेषतः लैंगिक अत्याचाराच्या पीडितांचा आणि लहान मुलांचा. नाव, संपर्काचा सुरक्षित मार्ग, ही व्यक्ती साधारण कशाविषयी सांगू शकेल आणि माहिती कोणाला देण्यास तिची संमती आहे, एवढीच नोंद घेऊन पुढील काम तपासयंत्रणेवर सोपवावे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे अभियोक्ता कार्यालय आणि युरोजस्ट ही युरोपीय संघाची न्यायिक सहकार्य संस्था यांनी २०२२ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी काढलेल्या सूचनांचा भरही यावरच आहे. पैसे देऊ नयेत, गुप्ततेची हमी आपल्या हातात असेल तेवढीच द्यावी, आणि खटला होईलच असे आश्वासन तर मुळीच देऊ नये.

मैदानापासून टेबलापर्यंत

आता मुख्य काम. ज्याने गोळी झाडली त्याच्यापलीकडे जायचे असेल, तर त्या तुकडीचे नाव, तिची चिन्हे, वाहनांवरचे क्रमांक, रेडिओवरील टोपणनावे, तुकडीप्रमुखाची ओळख आणि त्याचा वरिष्ठ कोण, हे हळूहळू जमवावे लागते. नेमणुकीचे आदेश, पगाराच्या याद्या, इंधनाच्या पावत्या, बढतीचे समारंभ, शोकसंदेश, अधिकृत वृत्तपत्रकातील छायाचित्रे असे वरकरणी कंटाळवाणे कागद येथे रक्तरंजित चित्रफितीपेक्षा अधिक मोलाचे ठरतात. चाडचा माजी अध्यक्ष हिसेन हाब्रे याच्या गुप्त पोलिसांची हजारो कागदपत्रे २००१ मध्ये अंजामेनातील त्यांच्याच बेवारस मुख्यालयात जमिनीवर विखुरलेली सापडली. कैद्यांविषयीची माहिती थेट अध्यक्षापर्यंत जात होती, हे त्या कागदांवरून दिसले, आणि ३० मे २०१६ रोजी डकारमधील विशेष न्यायालयाने त्याला मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि छळ यांसाठी जन्मठेप दिली.

कागद सापडला की तो मूळ स्वरूपात जपण्याची निकड वाढते. आदेश वरून एका शब्दात निघतो आणि खाली दुसऱ्याच शब्दात पोहोचतो; ‘ध’चा ‘मा’ करणारा मधला हात कोणाचा होता, हे केवळ मूळ प्रतीवरून, शेऱ्यांवरून आणि जावक क्रमांकावरून कळू शकते. उतारा टंकून ठेवला आणि मूळ कागद हरवला, तर हाती काहीच उरत नाही.

जबाबदारीचे मार्ग रोम संविधीच्या २५ व्या कलमात दिले आहेत: स्वतः, इतरांसह किंवा दुसऱ्याकरवी गुन्हा करणे, आदेश किंवा चिथावणी देणे, साहाय्य करणे, समान हेतूने एकत्र आलेल्या गटाच्या गुन्ह्यात वाटा उचलणे. जमवलेला प्रत्येक पुरावा यांपैकी कोणत्या मार्गाकडे नेतो, हे स्वतंत्र तक्त्यात मांडावे. लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर याला सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा दिली ती मुख्यतः बंडखोरांना केलेले साहाय्य आणि नियोजनातील सहभाग यांसाठी. सिएरा लिओनमधील बंडखोरांवर त्याची प्रत्यक्ष हुकमत होती, हे सिद्ध झाले नव्हते. साहाय्याचा पुरावा हाताशी असताना हुकमतीच्याच मागे लागणारा प्राथमिक अहवाल हातचे सोडतो.

आदेश देणाऱ्याने आदेश दिलाच नाही, फक्त कानावर हात ठेवले, अशा वेळी २८ वे कलम उपयोगी पडते. सेनानीच्या बाबतीत तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: हाताखालच्यांवर त्याचे परिणामकारक नियंत्रण होते, गुन्हे घडत आहेत किंवा घडणार आहेत हे त्याला माहीत होते किंवा परिस्थिती पाहता माहीत असायला हवे होते, आणि ते रोखण्यासाठी, आवरण्यासाठी किंवा चौकशीकडे सोपवण्यासाठी त्याच्या अधिकारातील आवश्यक व वाजवी उपाय त्याने योजले नाहीत. नागरी वरिष्ठाच्या बाबतीत जाणिवेची कसोटी अधिक कडक आहे. स्पष्ट सूचक माहितीकडे त्याने जाणूनबुजून डोळेझाक केली, असे दाखवावे लागते. शिवाय आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे, वरिष्ठाने योग्य नियंत्रण न ठेवल्यामुळे गुन्हे घडले, हा संबंधही जोडावा लागतो.

या कलमाची नीट ओळख काँगोतील सशस्त्र गटाचा प्रमुख झ्याँ-प्येर बेंबा याच्यावर याच न्यायालयात चाललेल्या खटल्यातून होते. त्याच्या सैन्याने २००२-०३ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात केलेल्या खून, बलात्कार आणि लूटमारीसाठी त्याला २०१६ मध्ये दोषी ठरवून १८ वर्षांची शिक्षा झाली. जून २०१८ मध्ये अपील खंडपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती रद्द केली. परदेशात गेलेल्या फौजेवर दूरस्थ सेनानीला येणाऱ्या मर्यादांचा आणि त्याने योजलेल्या उपायांचा पुरेसा विचार झाला नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. अत्याचार झाले याविषयी तेथेही वाद नव्हता. मला हा निकाल पीडितांवर फार कठोर वाटतो, परंतु पुरावा जमवणाऱ्याने त्याच्यावर रागावण्यापेक्षा त्यातून प्रश्नांची यादी काढावी: सेनानीने चौकशी नेमली का, ती खरी होती की दिखाऊ, दोषींना शिक्षा झाली की बढती मिळाली, त्याने प्रत्यक्ष भेट दिली का, त्याच्याकडे संपर्काची कोणती साधने होती, वृत्तसंस्थांच्या किंवा रेड क्रॉसच्या तक्रारी त्याच्यापर्यंत कोणत्या तारखेला पोहोचल्या. यांपैकी तारीख सर्वांत महत्त्वाची. तक्रार पोहोचल्यानंतरही तीच तुकडी तसेच गुन्हे करीत राहिली, तर ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव उरत नाही.

खालच्या सैनिकाचा बचाव बहुधा ‘वरून आदेश होता’ हा असतो. ३३ व्या कलमानुसार तो तेव्हाच चालतो, जेव्हा आदेश पाळणे कायद्याने बंधनकारक होते, तो बेकायदा असल्याचे सैनिकाला माहीत नव्हते आणि आदेश उघडपणे बेकायदा नव्हता. वंशसंहाराचा किंवा मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा आदेश नेहमीच उघडपणे बेकायदा मानला जातो. जिवाच्या धाकाचा प्रश्न वेगळा आहे. बोस्नियातील स्रेब्रेनिकाच्या हत्याकांडात भाग घेतलेल्या द्राझेन एर्देमोविचने सांगितले की, नकार दिल्यावर त्यालाच मारायच्या रांगेत उभे राहण्यास सांगण्यात आले. युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने धाक हा पूर्ण बचाव मानला नाही, पण अखेर त्याची शिक्षा पाच वर्षांवर आली. अशा माणसाकडे तपासाच्या दृष्टीने पाहावे. वरची कडी जोडू शकणारा साक्षीदार बहुधा तोच असतो.

कोणाच्या दारात जावे

दोन न्यायालये हेगमध्येच असल्याने त्यांची गल्लत सतत होते. आंतरराष्ट्रीय न्यायालय राज्याराज्यांतील तंटे सोडवते आणि कोणालाही तुरुंगात पाठवू शकत नाही. व्यक्तींवरील खटले आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय चालवते. या दुसऱ्या न्यायालयाची स्थापना करणारी रोम संविधी १७ जुलै १९९८ रोजी १२० विरुद्ध ७ मतांनी संमत झाली आणि १ जुलै २००२ पासून अमलात आली. त्यापूर्वीचे गुन्हे त्याच्या कक्षेत येत नाहीत. गुन्हा सदस्य राज्याच्या भूमीवर घडलेला असावा, किंवा आरोपी सदस्य राज्याचा नागरिक असावा, किंवा संबंधित राज्याने घोषणेद्वारे अधिकारक्षेत्र स्वीकारलेले असावे, किंवा सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवलेले असावे. सुदानमधील दार्फूर २००५ मध्ये आणि लिबिया २०११ मध्ये असे सोपवले गेले; सीरियाचा ठराव मे २०१४ मध्ये रशिया आणि चीन यांच्या नकाराधिकाराने पडला. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत सदस्य नाहीत, पण त्यांचे नागरिक सदस्य राज्याच्या किंवा अधिकारक्षेत्र स्वीकारलेल्या राज्याच्या भूमीवर गुन्हा करतील तर कक्षेत येऊ शकतात. मार्च २०२३ मध्ये व्लादिमीर पुतिन यांच्यावर निघालेले वॉरंट याच तर्कावर उभे आहे; युक्रेन तेव्हा सदस्य नव्हता, पण त्याने घोषणेद्वारे अधिकारक्षेत्र स्वीकारले होते.

त्याआधी देशांतर्गत न्यायालयाचा विचार करणे भाग आहे, कारण १७ व्या कलमानुसार राज्य स्वतः प्रामाणिकपणे तपास किंवा खटला चालवीत असेल, तर हेगचे न्यायालय बाजूला राहते. तिसरा मार्ग वैश्विक अधिकारक्षेत्राचा. गुन्हा कोठेही घडलेला असो, जर्मनीसारखे काही देश तो आपल्या न्यायालयात चालवू शकतात. सीरियातील कोठडीतील छळाबद्दल अन्वर रस्लान या माजी अधिकाऱ्याला कोब्लेन्झच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप दिली. सुरक्षा परिषदेचे दार बंद झालेले असताना हे दार उघडे होते. म्हणून संशयित सध्या कोणत्या देशात राहतो, ही साधी नोंद संग्रहात अवश्य असावी. पदावर असलेले राष्ट्रप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री यांना परक्या देशाच्या न्यायालयांपासून संरक्षण आहे, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००२ मध्ये काँगो विरुद्ध बेल्जियम प्रकरणात सांगितले. रोम संविधीचे २७ वे कलम मात्र पदाची ढाल मानत नाही.

अभियोक्ता कार्यालयाला १५ व्या कलमाखाली कोणतीही व्यक्ती किंवा संस्था माहिती पाठवू शकते. त्यासाठी वकील लागत नाही. न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच असल्याने यांपैकी एका भाषेतील चार-पाच पानांचा गोषवारा, घटनांचा कालक्रम, पुराव्यांची क्रमांकित सूची आणि स्रोताच्या जोखमीविषयीची टीप असे पुडके करावे. मूळ साहित्य मूळ भाषेतच राहू द्यावे. आपल्याला स्वतः दिसलेले, दुसऱ्याकडून कळलेले आणि आपण अनुमानलेले यांची सरमिसळ करू नये. माहिती पाठवली म्हणजे तपास सुरू झालाच, असे होत नाही, आणि सुरू झालेला तपासही कसोट्या वाढत वाढत पुढे जातो: तपासासाठी वाजवी आधार, वॉरंटसाठी वाजवी कारणे, आरोपनिश्चितीसाठी भरीव कारणे आणि शिक्षेसाठी वाजवी शंकेपलीकडचा पुरावा.

न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत, आणि आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन मंगोलियाला जाऊन परत आले. सदस्य असूनही मंगोलियाने त्यांना अटक केली नाही. केनियाचे तत्कालीन अध्यक्ष उहुरू केन्याटा यांच्यावरील आरोप डिसेंबर २०१४ मध्ये पुराव्याअभावी मागे घ्यावे लागले, आणि साक्षीदारांनी माघार घेणे हे अभियोक्त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते. साक्षीदारांची नावे असलेली यादी पुराव्यांच्या संग्रहापासून वेगळी, कूटबद्ध करून आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याचे कारण हेच आहे. युद्धगुन्ह्याला मुदतीची मर्यादा नाही, असे २९ वे कलम सांगते. हाब्रे सत्तेवरून १९९० मध्ये गेला आणि शिक्षा २०१६ मध्ये झाली. तेवढा काळ टिकेल असा संग्रह हवा असेल, तर तीन प्रती वेगवेगळ्या देशांत ठेवाव्यात, हॅश मूल्ये वर्षातून एकदा पडताळावीत, जुनाट होत चाललेल्या फाइलस्वरूपांच्या नव्या प्रती मूळ प्रती न पुसता काढाव्यात, आणि संग्रह जमवणारा नसेल तेव्हा त्याच्या किल्ल्या कोणाकडे असतील, हे आजच लिहून ठेवावे.